मदत हवी आहे : मीटर वाढले म्हणजे उत्पादकता वाढली का?

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीत आमचे १६ साधे यंत्रमाग आहेत. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि आम्हाला पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर) मजुरी. अण्णा म्हणतात, हे सगळे भंगारात घालू आणि कर्ज काढून सहा जुने रॅपियर (आडवा धागा नेणारा धोटा नसलेले जलद माग) घेऊ. हिशोब मी मांडायचा आहे आणि तिथेच अडलोय.

गेल्या दिवाळीआधी आम्ही जादा तास माग चालवले. मीटर वाढले, तर ओळखीचे एक हिशोबनीस म्हणाले, "उत्पादकता वाढली." मला हे पटत नाही. तास, वीज, पगार त्याच प्रमाणात वाढले, मग वाढलं ते फक्त उत्पादन ना? उलट मागच्या महिन्यात घासलेले पिकर (धोट्याला धक्का देणारे भाग) बदलले, कांड्या (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) आधीच भरून मागाजवळ ठेवल्या, आणि त्याच कामगाराने त्याच पाळीत जास्त कापड काढलं. माझ्या मते उत्पादकता ती. चुकत असेन तर सांगा.

आमचा माग मिनिटाला १३० फटके मारतो, एका फटक्याला एक पिक. इंचाला ५२ पिक धरले तर न थांबता तासाला जेमतेम ३.८ मीटर. पण न थांबता चालतो कुठे? कांडी संपली की माग थांबवा, धोटा काढा, नवी कांडी घाला, दांडा ओढा; तोवर शेजारच्या मागाचा ताणा (उभा धागा) तुटलेला. रॅपियरला कांडीच नाही, बाणा (आडवा धागा) थेट सुताच्या कोनावरून. ४०० फटके धरले तर तासाला ११.७ मीटर. आज दोन कामगार १६ मागांवर कागदोपत्री ६१ मीटर काढतात, उद्या सहा रॅपियरवर एकच कामगार ७० काढेल. कामगारामागे दुपटीहून जास्त!

पण कर्जाचा हप्ता आणि वीज उत्पादकतेच्या भाजकात धरायची की नाही? आणि सगळ्यांनीच रॅपियर घेतले तर मजुरीचा दर पडणार. मग मीटरमध्ये मोजू की हातात पडणाऱ्या रुपयांत?

पुस्तकात वाचलंय की देशाचं राहणीमान शेवटी उत्पादकतेनेच वाढतं. ते मान्य आहे. पण आमच्याकडे २२ वर्षं काम करणारे एक काका आहेत, अण्णांपेक्षा त्यांना माग जास्त कळतो. दोनातला एक कामगार कमी होणार, तो तेच असतील. त्यांना रॅपियर शिकवून, पाळी वाढवून दोघांनाही ठेवणं कुणाला जमलंय का? जमलं असेल तर पगार मीटरवर ठेवला की महिन्यावर?