साडेसात एच.पी. मोटरला किती केव्हीएचा जनरेटर घ्यावा?

हळद_वाळवा
नमस्कार मंडळी. विहिरीवर ७.५ एच.पी.ची थ्री फेज मोटर आहे. हळदीच्या लागणीला पाणी अडू नये म्हणून डिझेल जनरेटर घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणाला, "साडेसातला साडेसात पुरतो." म्हणून ७.५ केव्हीएचा भाड्याने आणून बघितला. स्टार्टर दाबला की व्होल्टमीटरचा काटा धाडकन खाली, स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा स्विच) खडखड वाजतो आणि सुटतो. चार वेळा केलं, मग मोटर जळेल म्हणून सोडून दिलं. मोटरच्या पाटीवर ५.५ किलोवॅट लिहिलंय. चुलतभाऊ म्हणतो ७३५ ने गुणायचं, वायरमन म्हणतो ७४६ ने. नेमका हिशोब काय, आणि कितीचा घेऊ?

वायंडिंगवाला_कराड
दादा, मोटर सोडून दिलीत ते बरं केलंत. कमी व्होल्टेजवर अडकलेली मोटर दोन-तीन मिनिटांत वायंडिंग जाळते.

आधी आकडा. विजेच्या मोटरला १ एच.पी. म्हणजे ७४६ वॅट. तुमच्या भावाचे ७३५ खोटे नाहीत, तो मेट्रिक हॉर्सपॉवर, ७३५.५ वॅटचा. इंजिनाच्या माहितीपत्रकात 'पीएस' लिहिलेलं असतं ते हेच. दोन्हींत फरक शंभरात दीडचाही नाही. त्याने जनरेटर पडत नाही.

खरी गोम पुढे आहे. पाटीवरचे ५.५ किलोवॅट म्हणजे मोटर शाफ्टवर जे काम *देते* ते. ती वीज *घेते* त्याहून जास्त. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ७.५ गुणिले ०.७४६ म्हणजे ५.६, भागिले ०.८५, झाले ६.६ किलोवॅट. त्याला पॉवर फॅक्टर (जनरेटरने द्यायच्या विजेतला खरा कामाला लागणारा हिस्सा) ०.८५ ने परत भागा, पावणेआठ केव्हीए, म्हणजे जनरेटरची लागणारी ताकद. म्हणजे मोटर नुसती चालती ठेवायलाच तुमचा ७.५ चा कमी पडतो. पूर्ण लोडवर साधारण ११ अँपिअर.

आणि सुरू होताना डायरेक्ट स्टार्टरवर (मोटरला एकदम पूर्ण व्होल्टेज देणारा) सहापट, ६५ अँपिअरच्या आसपास. काटा पडतो तो त्या झटक्याने. स्टार-डेल्टा स्टार्टर (आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण देणारा) असेल तर झटका तिसऱ्या हिश्श्यावर येतो. तेव्हा १५ केव्हीए घ्या, पण फक्त स्टार-डेल्टावर. डायरेक्टवर २५ च्या खाली मी सांगणार नाही. तुमचा स्टार्टर कुठला आहे?

ठिबक_तासगाव
जनरेटरवर पैसे घालण्याआधी मोटर एवढी लागते का ते मोजा. मेट्रिक हॉर्सपॉवरची मूळ व्याख्याच पाण्याला सोयीची आहे: ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणं. डिलिव्हरीखाली २०० लिटरचं बॅरल ठेवा आणि मोबाईलवर वेळ लावा. २० सेकंदांत भरलं तर सेकंदाला १० लिटर. विहिरीतल्या पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंत चढ पाइपातल्या घर्षणासकट ३० मीटर धरला, तर १० गुणिले ३० भागिले ७५, चार एच.पी. पंप ६० टक्के कार्यक्षम असेल तर पावणेसात लागतात. म्हणजे साडेसात बरोबर. बॅरल भरायला ४० सेकंद लागले तर मात्र पंपाचा इम्पेलर (पाणी फेकणारा आतला पंखा) झिजलाय का ते आधी बघा.

शिक्षिका_पाटण
आमच्या शाळेत मुलं हेच विचारतात, "बाई, कोयना किती एच.पी.ची?" कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट, म्हणजे सुमारे १३४० एच.पी. सगळी मिळून सव्वासव्वीस लाख एच.पी.च्या वर जाते. चौथ्या टप्प्यातला एकच संच २५० मेगावॅटचा. त्यावर हळदवाल्या दादांसारख्या मोटरी किती चालतील? मुलं ५.६ ने भागतात आणि पावणेपंचेचाळीस हजार काढतात. मी ६.६ ने भागायला लावते, कारण मोटर घेते ते मोजायचं. उत्तर येतं अडतीस हजारांच्या आत, तेही वाटेतली गळती न धरता.

आणखी एक, किलोवॅट आणि युनिट एक नव्हे. किलोवॅट हा धारेचा जोर, युनिट म्हणजे बादलीत साठलेलं पाणी. तुमची मोटर पूर्ण लोडवर तासभर चालली की ६.६ युनिट. तो संच तासभर पूर्ण चालला की अडीच लाख.

हळद_वाळवा
ताई, दादा, सगळ्यांचे आभार. सकाळी बॅरल लावलं, २१ सेकंद. पंप ठीक आहे. टाँग टेस्टरवर (वायरीला अडकवून करंट मोजायचं यंत्र) १०.५ अँपिअर. स्टार्टर मात्र कुठला ते कळेना, पेटीवरचं लिहिलेलं सगळं गेलंय.

वायंडिंगवाला_कराड
स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या वायरी मोजा. सहा असतील तर स्टार-डेल्टा, तीन असतील तर डायरेक्ट.

हळद_वाळवा
तीनच आहेत. मोटरचा डबा उघडून बघितला, आत सहा टर्मिनल आहेत, वर पट्ट्या मारल्यात.

वायंडिंगवाला_कराड
मग मोटर स्टार-डेल्टावर चालेल. पट्ट्या काढून सहा वायरी ओढा, स्टार-डेल्टा स्टार्टर बसवा, आणि १५ केव्हीएचा आधी एक दिवस भाड्यानेच आणा. काटा ३५० व्होल्टच्या खाली गेला नाही तर विकत घ्या.