बुंदी म्हातारी होतेय: लॅब्रॅडॉर, वय साडेअकरा. रात्रीचं फिरणं, फरशीवर घसरणं, काय करता तुम्ही?

अबोली_नाशिक

नमस्कार मंडळी. आमची बुंदी साडेअकरा वर्षांची झाली. नाव सासूबाईंनी ठेवलंय, रंगावरून. घरात कुत्रं नको म्हणून सुरुवातीला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता आणि आता दुपारी ती त्यांच्या कॉटखाली नसेल तर त्यांनाच डोळा लागत नाही.

गेल्या वर्षभरात खूप फरक पडलाय. उठताना आधी पुढचे पाय रोवते, मग मागचं अंग उचलायला जाते आणि मागचे पाय फरशीवर बाहेर बाहेर सरकत जातात, दोन-तीनदा असं होतं आणि मग ती आमच्याकडे बघते. ते बघणं सहन होत नाही हो. पण दिवाळीत सिन्नरजवळ माझ्या माहेरी गेलो होतो, तिथे मागच्या पडवीत अजून शेणाने सारवलेली जमीन आहे, तिथे बाईसाहेब मस्त उठत होत्या, बसत होत्या, शेजारच्या वासराशी ओळखही करून आल्या. घरी आलो की परत तेच.

दुसरं म्हणजे रात्र. दोन-अडीचला उठते आणि घरभर फिरते, नखांचा टकटक आवाज येत राहतो. कधी दारामागच्या कोपऱ्यात तोंड करून नुसती उभी. हाक ऐकू येत नाही आता, जवळ जाऊन हात लावला की दचकते. पाणीही जास्त पिते असं मला वाटतं, घरात बाकी कोणाला वाटत नाही. आमच्या इथल्या डॉक्टरांनी "वय झालं आता, चालायचंच" म्हणून सांगितलं. नवराही तेच म्हणतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तिचं वजन ३४ किलो.

सगळं रडगाणंच नाहीये हां. ह्या दिवाळीत पहिल्यांदा ती फटाक्यांना घाबरली नाही. दरवर्षी बाथरूममध्ये बादलीमागे थरथरत बसायची, ह्यावेळी लक्ष्मीपूजनाच्या रात्री पंख्याखाली पसरून चक्क घोरत होती. मला आनंद झाला आणि तिला ऐकू येत नाही म्हणूनच हे, हे कळून पोटात कालवलंही. पूर्वी फिरायला नेलं की मला ओढत न्यायची, आता प्रत्येक झाडापाशी थांबून निवांत वास घेते आणि मीही थांबते. तोंड पांढरं झाल्यापासून रस्त्यावरची माणसंसुद्धा तिच्याशी "काय आजीबाई" म्हणून बोलतात. इतकी प्रेमळ ती तरुणपणी पण नव्हती.

ज्यांच्याकडे म्हातारी कुत्री आहेत किंवा होती त्यांनी प्लीज सांगा, ह्यातलं किती वयाचं म्हणून सोडायचं आणि किती तपासायचं? आणि जिन्याचं काय करू?

टेकडीवरचा (पुणे)

अबोली, सिन्नरच्या पडवीनेच तुम्हाला अर्धं उत्तर दिलंय बघा. व्हिट्रिफाइड, म्हणजे गुळगुळीत टाइल्सची फरशी हा म्हाताऱ्या कुत्र्यांचा शत्रू आहे. आमच्याकडे दोन लॅब झाले, दुसरा चौदा वर्षांपर्यंत जगला. पहिलं काम, ती जिथे जिथे झोपते, जेवते, वळते तिथे योगा मॅट किंवा रबरी पाठीचे पायपुसणे टाका, सलग, तुटक नको, कारण मधल्या उघड्या फरशीवर पाय पडला की तिथेच घसरतात. नखं कापून घ्या, तुम्हाला टकटक ऐकू येतेय म्हणजे वाढलीयेत. आणि पंजा उलटा करून बघा, गाद्यांच्या मधले केस वाढलेले असतात, ते कापले की पकड लगेच सुधारते. घर बिनकार्पेटचं सुंदर दिसतं हे मान्य पण काही वर्षं पायपुसण्यांचं प्रदर्शन चालेल.

दुसरं वजन. राग मानू नका पण ३४ जरा जास्त वाटतंय मादीसाठी. लॅब्रॅडॉरवर एक मोठा अभ्यास झालेला आहे, २००२ साली छापून आला, ४८ पिल्लं घेऊन त्यांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, आयुष्यभर. कमी खाणारी सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचं सांध्याचं दुखणंही उशिरा सुरू झालं. दोन वर्षं म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात केवढी! त्यात ह्या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांना पोट भरल्याचा निरोपच नीट मिळत नाही, त्याचा एक जीन सापडलाय, म्हणून ती कायम उपाशी असल्यासारखी बघतात. सासूबाईंना सांगा बिस्किटाऐवजी काकडी, गाजर, उकडलेला लाल भोपळा द्या, आमचा काकडीचा कर्रकन आवाज आला की झोपेतून उठायचा.

पशुवैद्य_कोल्हापूर

मी प्रॅक्टिस करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो, पण तपासल्याशिवाय निदान होत नाही हे आधीच सांगतो. वय हा आजार नाही. वयामुळे आजार होतात आणि त्यातले बरेच आटोक्यात ठेवता येतात, म्हणून "चालायचंच" हे उत्तर मला मान्य नाही.

पाण्यापासून सुरू करा. वाटतं-बिटतं नको, मोजा. सकाळी मापून पाणी भरा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा, घरातल्या सगळ्यांना सांगा की बाथरूमची बादली झाकून ठेवा. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं, म्हणजे बुंदीच्या बाबतीत साधारण साडेतीन लिटर, तर ते नक्की जास्त आहे आणि त्याच्या खालीही पूर्वीपेक्षा वाढलेलं असेल तर तपासायचंच. किडनी, मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार), लघवीचं इन्फेक्शन, कारणं बरीच आहेत. आणि तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का हो? झालं नसेल तर माजावर येऊन गेल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत जास्त पाणी, उलट्या, सुस्ती, खालून घाण असं काही दिसलं तर एक दिवससुद्धा थांबू नका, गर्भाशयात पू होतो आणि त्यात कुत्री जाते. म्हाताऱ्या माद्यांमध्ये हे मी वारंवार बघतो.

रक्ताची तपासणी, लघवीची तपासणी, कंबरेचा एक्सरे, ब्लडप्रेशर होत असेल तर तेही. एवढं झालं की चित्र स्पष्ट होतं.

रात्रीच्या फिरण्यामागे दोन-तीन गोष्टी असू शकतात. दुखतंय म्हणून एका कुशीवर झोपवत नाही, लघवीला जावंसं वाटतंय, किंवा माणसांना होतो तसा स्मृतिभ्रंश, तो कुत्र्यांनाही होतो. कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर पडायचा प्रयत्न, दिवसा झोप रात्री जाग, ओळखीच्या माणसाकडे अनोळखी बघणं, ही त्याची लक्षणं. त्यावर सेलेजिलिन नावाचं औषध आहे, सगळ्यांना लागू पडत नाही पण काहींना छान फरक पडतो. आधी दुखणं आणि लघवी बघून घ्यायची, मग ह्याच्याकडे वळायचं. रात्री छोटा दिवा चालू ठेवा, संध्याकाळी उशिरा एक फेरी मारा, फर्निचर हलवू नका.

आणि हात जोडून एक विनंती. घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, काहीही नाही. पोटात अल्सर होऊन, किडनी किंवा लिव्हर जाऊन कुत्री दगावतात, आणि देणाऱ्या माणसाने बिचाऱ्याने ती प्रेमानेच दिलेली असते. कुत्र्यांसाठी मेलॉक्झिकॅम, कार्प्रोफेन वगैरे आहेत, तेसुद्धा रक्त बघून, वजनावर मोजून, भरल्या पोटी.

घरी बसून करता येईल असं एक: ती गाढ झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेते ते मोजा. ३० च्या आत हवेत. रोज वर जायला लागले तर हृदय तपासायचं. हिरड्यांचा रंगही ओळखीचा करून ठेवा, अचानक पांढऱ्या पडल्या आणि कुत्री गळून बसली तर तशीच गाडीत घालून निघायचं.

माडाखाली

आम्ही वेंगुर्ल्याचे. आमचा काळू गावठी, पंधरा पूर्ण झालीत, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, ऐकूही कमी येतं. तुमचं वाचून लिहावंसं वाटलं कारण सुरुवातीला आम्हीही फार घाबरलो होतो. डोळे निळसर झाले की लोक मोतीबिंदू म्हणतात पण सगळं निळं म्हणजे मोतीबिंदू नव्हे, म्हातारपणी भिंग घट्ट होऊन नुसती निळी झाक येते आणि त्यात बऱ्यापैकी दिसतं. काळूचा मात्र खरंच मोतीबिंदू होता.

पण त्याचं घर त्याला पाठ आहे. सकाळी मागच्या दाराने उतरतो, दोन पायऱ्या, तिथे आईने एक खरखरीत काथ्याची चटई टाकलीय, पायाला चटई लागली की त्याला कळतं पायरी आली. मग विहिरीच्या कठड्याला अंग घासत घासत फणसाखाली जातो, तिथे ऊन येईपर्यंत बसतो. मासेवाली आली की सगळ्यात आधी ह्याचं नाक वर होतं, आम्हाला तिची हाक नंतर ऐकू येते. नाक शाबूत आहे तोवर त्याचं जग शाबूत आहे असं मला रोज वाटतं.

दचकण्याबद्दल: झोपेत असताना थेट हात लावू नका, नाकापुढे मूठ धरा, वासाने उठू दे. लांबून बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटा, हादरा त्यांना कळतो. अंधारात टॉर्च एकदा उघडझाप केली की काळू यायचा, दिसत होतं तेव्हा. बुंदीला अजून दिसतंय ना, मग हाताच्या खुणा आत्ताच शिकवा, ह्या वयातही शिकतात, खाऊ असला की काहीही शिकतात.

परळकरीण

अबोली, जिन्यासाठी: जुना जाड सुती टॉवेल घ्या, पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घ्यायचा आणि दोन्ही टोकं वर धरायची, मागचं वजन तुम्ही उचलायचं आणि पुढचे पाय तिचे तिने चालवायचे. उतरताना जास्त काळजी, तेव्हा पुढे एक माणूस हवाच.

आमच्या रॉनीला तेराव्या वर्षी एका सकाळी अचानक मान तिरकी, डोळे इकडून तिकडे उडतायत, उभा राहिला की एका बाजूला कोसळतोय. आम्हाला वाटलं लकवा, संपलं सगळं. बाबा तर देवापुढे जाऊन बसले. टॅक्सीत घालून बैलघोडा हॉस्पिटलला नेला (बाहेरच्यांसाठी: परळचं जुनं जनावरांचं हॉस्पिटल, सगळी मुंबई ह्याच नावाने ओळखते). तिथे सांगितलं की म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा असा झटका येतो, चक्कर आणि मळमळीचं औषध द्या, हाताने पाणी पाजा, वाट बघा. पंधरवड्यात चालायला लागला. मान थोडी तिरकी राहिली ती राहिलीच, फोटोत फार गोड दिसायचा. हे सांगायचं कारण, असं काही झालं तर कोणी लगेच "झोपवून टाका" म्हणालं तरी आधी नीट तपासा.

आणि ज्यांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आहे पण सोसायटी कुत्र्याला नेऊ देत नाही त्यांच्यासाठी: अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, पाळीव कुत्र्याला लिफ्टची बंदी घालता येत नाही. प्रिंट काढून कमिटीला द्या, शांतपणे. म्हाताऱ्या कुत्र्याला जिना चढायला लावणं ही क्रूरताच आहे.

साधासरळ

सगळे छान लिहितायत पण मला एक वाटतं. जनावराला शेवटी नैसर्गिक मरण येऊ द्यावं. इंजेक्शन देऊन मारायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आमच्या गावाकडे कुत्रं म्हातारं झालं की एका कोपऱ्यात शांत पडतं आणि जातं.

परळकरीण

तुमची भावना समजते, आमच्या घरातही ह्यावर खूप वाद झाला. पण शांतपणे जातंच असं नाही हो. रॉनीच्या शेवटी आम्ही कॅलेंडरवर खुणा करायला लागलो, चांगला दिवस गोल, वाईट दिवस फुली. चांगला म्हणजे काय ते आधी ठरवलं होतं: स्वतःहून जेवला, दारापर्यंत आला, बाबांना बघून शेपटी हलली. रोज बघताना मन फसवतं, आज जरा बरा वाटतोय असं आपण रोजच म्हणत असतो. महिनाभराचं पान समोर आलं तेव्हा बाबा स्वतःच म्हणाले, आता बास, त्याला त्रास नको. घरीच केलं, आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, तो बाबांच्या मांडीवर झोपला, मग दुसरं. कोणाला हे पटणार नाही आणि त्यांनी करू नये, पण दुखणं कमी करायची औषधं तरी शेवटपर्यंत द्यावीत, एवढं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

पशुवैद्य_कोल्हापूर

सहमत. आणि कोपऱ्यात शांत पडलेलं कुत्रं दुखत नसतं असं समजू नका. कुत्री दुखणं लपवतात, ओरडत नाहीत. जिभेने एकच सांधा चाटत राहणं, धाप लागणं, खाली बसायला वेळ लावणं, उडी मारायची बंद करणं, हीच त्यांची तक्रार असते.

अबोली_नाशिक

सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचताना दोनदा रडले. अपडेट देते. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ऑपरेशन लहानपणीच झालंय त्यामुळे ती काळजी नाही. पाणी मोजलं, अडीच लिटरच्या आसपास निघालं, म्हणजे साडेतीनच्या खाली, पण लघवीत इन्फेक्शन सापडलं! अँटिबायोटिक सुरू केल्यावर रात्रीचं उठणं बरंच कमी झालंय, म्हणजे बिचारी लघवीसाठी फिरत होती आणि आम्ही म्हातारपण म्हणत होतो. कोपऱ्यात उभं राहणं अजून अधूनमधून आहे, ते महिन्याने परत बघणार आहेत. एक्सरेमध्ये दोन्ही खुब्यांचा संधिवात दिसतोय. किडनी ठीक आहे म्हणून मेलॉक्झिकॅम सुरू केलंय, पंधरा दिवसांनी परत रक्त.

हॉलपासून सासूबाईंच्या खोलीपर्यंत योगा मॅटचा रस्ता झालाय. पहिल्या दिवशी ती मॅटच्या कडेवर उभी राहून वास घेत होती, पाय टाकेना, मग सासूबाईंनी काकडीच्या चकत्या ओळीने मांडल्या आणि खात खात गेली पलीकडे. पार्ले-जी बंद केलंय, त्यावरून घरात अबोला होता दोन दिवस, पण आता सासूबाई स्वतःच भोपळा उकडतात.

टॉवेलवाला उपाय चढताना उत्तम चालतोय. उतरताना मात्र टॉवेल पुढे सरकून पोटात रुततो आणि ती थांबते. कोणी तयार पट्टा घेतलाय का, मागच्या पायांसाठी हँडल असलेला? ३४ किलोसाठी कुठलं माप घ्यायचं?

टेकडीवरचा (पुणे)

घेतलाय. वजनावर माप घेऊ नका, कंबरेचा घेर आणि मांडीचा घेर टेपने मोजा, उभी असताना. मांडीच्या आतल्या बाजूला मऊ अस्तर आहे ना ते बघा नाहीतर कातडी सोलते. दिवसभर घालून ठेवायचा नाही, जिन्यापुरता. पोचेपर्यंत टॉवेलच वापरा पण उतरताना तो मागे, अगदी मांड्यांना लागून धरा आणि तुम्ही तिच्या एक पायरी वर राहा, म्हणजे पुढे सरकणार नाही.