उकडीचे मोदक फोटोत राखाडी आणि मिसळ काळपट का येते? मोबाइलवर पदार्थांचे फोटो कसे काढता?

गोड_तिखट

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीत राहते, घरूनच ऑर्डरी घेते. गणपतीत उकडीचे मोदक, रविवारी मिसळ, सणावाराला पुरणपोळ्या आणि थाळी. ज्यांनी एकदा घेतलंय ते परत येतातच, पण नवीन माणूस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागतो आणि फोटो बघून गप्पच होतो. मोदक समोर ताटात पांढरेशुभ्र, कळ्या नीट मोजता येतील असे असतात आणि फोनमध्ये तेच राखाडी आणि चपटे, कळ्या कुठे गेल्या कळतच नाही. मिसळीचं तसंच, तर्री डोळ्यांना लालभडक दिसते आणि फोटोत काळपट चॉकलेटी. फोटो ओट्यावरच ट्यूबखाली काढते, मोठी खिडकी आहे पण ती हॉलमध्ये. फोन मध्यम किमतीचा आहे, कॅमेरा घ्यायचं बजेट नाही. ओळखीतलं कुणी म्हणालं रिंग लाइट घे, तर घेऊ का? आणि एक आधीच सांगते, खोटे रंग वगैरे लावून काढायचे नाहीयेत, जे डब्यात जाणार तेच फोटोत दिसायला हवं.

उत्तरेची_खिडकी

ताई, रिंग लाइट नका घेऊ. तो चेहऱ्यासाठी असतो, लेन्सच्या भोवतीने समोरून सपाट उजेड टाकतो, सावली पुसून टाकतो, आणि मोदकाची कळी दिसते ती सावलीमुळेच. प्रत्येक कळीची एक बाजू उजळ आणि दुसरी जरा गडद असली की डोळ्याला घडी कळते. ओट्यावरची ट्यूबही वरूनच येते, म्हणून चपटं दिसतं.

ताट उचला आणि हॉलच्या खिडकीशी न्या. स्टुलावर, खुर्चीवर, कशावरही ठेवा, पण उजेड बाजूने यायला हवा, किंवा जरासा मागून. आणि घरातले बाकीचे दिवे बंद करा, हे सगळ्यात महत्त्वाचं! खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा असतो, दोन्ही एकत्र आले की फोन एकाला सांभाळायला जातो आणि दुसरा बिघडतो, मग अर्धा मोदक पिवळा अर्धा निळा. थेट ऊन येत असेल तर खिडकीला पांढरी ओढणी किंवा जुनं धोतर लावा, उजेड पसरतो आणि सावल्या मऊ होतात. रंगीत पडदा मात्र नको, त्याचा रंग थेट उकडीवर उतरतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरं कार्डशीट उभं करा, जास्त गडद झालेली बाजू त्याने उचलली जाते. पावसाळ्यातला ढगाळ दिवस तर सोनंच समजा, आख्खं आभाळच ओढणीचं काम करतं, आणि तुमचे मोदक नेमके त्याच दिवसांत.

आता राखाडीचं कारण. फोनला मोदक कळत नाही, त्याला उजेड किती आला तेवढंच कळतं. समोर सगळं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, म्हणून तो सगळं खाली ओढून मधल्या राखाडीपाशी आणतो. म्हणून पांढऱ्या पदार्थाला एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, आपण हाताने वाढवायचं. स्क्रीनवर मोदकावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो, मग शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर सरकवा. पांढरं पांढरं दिसायला लागलं की थांबा, कळ्यांच्या रेषा उडायला लागल्या तर तुम्ही पुढे गेलात. इडली, ढोकळा, दहीभात, सगळ्याला हेच. आणि पांढऱ्या प्लेटमध्ये पांढरे मोदक ठेवू नका, केळीचं पान किंवा हळदीचं पान घ्या, ते उकडताना खाली घालताच.

काढायच्या आधी लेन्स पुसा. स्वयंपाकघरातल्या फोनवर तुपाचं बोट असतंच आणि मग फोटोवर धुकं आल्यासारखं दिसतं.

झणझणीत

+१, लेन्स पुसायच्या मुद्द्याला तर +१०.

मिसळीवर बोलतो कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. काळपट दिसायचं कारण वेगळं आहे. स्वस्तातल्या एलईडी ट्यूबच्या उजेडात लाल रंग मुळातच कमी असतो, जे उजेडात नाही ते तर्रीवरून परत कुठून येणार, त्यामुळे लाल तेवढं विटकरी किंवा चॉकलेटी होतं. दिवसा खिडकीशी नेलीत की निम्मं काम तिथेच झालं.

दुसरं म्हणजे वेळ. मिसळ हा बसलेल्या माणसासाठी न थांबणारा पदार्थ आहे. कट ओतला की फरसाण पाणी प्यायला लागतं, दोन-तीन मिनिटांत शेव मऊ पडते आणि सगळा गोळा खाली बसतो. म्हणून आधी रिकामं भांडं ठेवून जागा, कोन, उजेड सगळं ठरवून घ्या. मग उसळ घाला, मटकी जास्त आणि रस्सा कमी, म्हणजे मटकीचे दाणे आणि मोड वर दिसतात. मग फरसाण एका बाजूला, सगळीकडे नाही, नाहीतर मिसळ दिसतच नाही, नुसता फरसाणाचा फोटो होतो. मग कट कडेने सोडा, तर्रीचा चमचा शेवटी, आणि कांदा-कोथिंबीर अगदी बटण दाबायच्या आधी. कोथिंबीर आधी घातली की गरम रश्श्याने लगेच मलूल होते, फोटोत शिळी वाटते. लिंबाची फोड ताजी कापलेली घ्या, कापून ठेवलेली कडेने सुकते ते फोनला बरोबर दिसतं.

तर्री चमकायला उजेड मागच्या बाजूने हवा. बाऊल तुमच्या आणि खिडकीच्या मध्ये ठेवा, फोन साधारण जेवायला बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला तिरका धरा, आणि भांडं थोडं पुढेमागे सरकवत बघा, एका जागी तेलावर खिडकीचा पांढरा तुकडा पडतो आणि तर्री एकदम ओली, गरम दिसायला लागते. तिथेच काढा. मोदकाला एक्स्पोजर वाढवायचं ना, मिसळीला उलट, किंचित खाली आणा, लाल गडद होतो. वाफ हवी असेल तर मागे काळं काहीतरी हवं, पांढऱ्या भिंतीपुढे वाफ दिसतच नाही, आणि पंखा बंद करा.

व्यावसायिक लोक उसळीखाली उलटी वाटी ठेवून वर उंचवटा आणतात, हवं तर करून बघा, बरं दिसतं.

पान_वाढा

उलट्या वाटीचं मला पटलं नाही. ही मुलगी विकते आहे. फोटोत मटकी काठोकाठ आणि डब्यात रस्साच रस्सा निघाला तर माणूस परत येणार नाही. अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाला काचेच्या गोट्या टाकून भाज्या वर आणल्या होत्या, तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७०च्या सुमाराला त्यावर कारवाई केली होती. आपल्याकडेही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा विषय आहेच. पण कायदा राहू दे बाजूला, अगं, जेवू घालणाऱ्याने असं करू नये असं मला मनापासून वाटतं. उसळ जाड वाढ, उथळ भांडं घे, इतकं पुरेसं आहे. पाकाच्या जागी इंजिन ऑइल आणि आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा असले प्रकार जाहिरातवाले करायचे, तू आधीच नको म्हणालीस ते फार आवडलं.

थाळीबद्दल सांगते, कारण हल्ली थाळीचे फोटो बघून जीव तुटतो. कुणी भात डाव्या कोपऱ्यात ठेवतं, कुणी चटणी उजवीकडे. फोटो आपल्या माणसांना दाखवायचा असेल तर पान नीट वाढलेलं असू दे. वर मधोमध मीठ, डाव्या हाताला लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजव्या हाताला भाज्या आणि आमटी, मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. केळीचं पान असेल तर टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे. आणि फोटो जेवणाऱ्याच्या बाजूने उभं राहून काढ, समोरून काढलास तर डावं-उजवं सगळं उलटं दिसतं आणि माझ्यासारख्या बाईला काहीतरी खटकत राहतं.

थाळी सरळ वरून काढायची. सेटिंगमध्ये ग्रिड, आणि वेगळं असेल तर लेव्हल, चालू कर, काही फोनमध्ये खाली वाकलं की मधोमध दोन अधिकची चिन्हं येतात, ती एकमेकांवर बसली म्हणजे फोन सपाट. वाट्या काठोकाठ भरू नकोस, बोटभर जागा ठेव, आणि आमटीचा ओघळ वाटीच्या बाहेरून ओल्या फडक्याने पुसून घे. पुरणपोळी मात्र वरून काढू नकोस, वरून ती नुसती गोल दिसते. चार-पाच पोळ्यांची चवड बाजूने घे आणि सगळ्यात वरची तोडून दुमडून ठेव, म्हणजे पुरण कडेपर्यंत गेलंय हे दिसतं. तेच तर बघायचं असतं घेणाऱ्याला! तूप शेवटी सोड, गरम पोळीत ते लगेच मुरतं.

रात्रपाळी

वर सगळ्यांनी दिवसाचं सांगितलं, ज्यांच्या ऑर्डरी संध्याकाळी सातला निघतात त्यांनी काय करायचं, तर एकच टेबल लॅम्प घ्यायचा आणि त्यालाच खिडकी मानायचं. छतावरचे सगळे दिवे बंद. बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, बघा, ९० किंवा त्याहून जास्त असेल तर लाल रंग बराच खरा येतो, आणि ४००० ते ५००० केल्विनच्या मधला घ्या (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), २७०० वाल्यात वरणसुद्धा हळदीचा गोळा दिसतं. लॅम्प बाजूला ठेवा, मध्ये बटर पेपर धरा, बल्बला चिकटवू नका, गरम होतो. फ्लॅश कधीही नाही.

अजून एक, फार जवळ जाऊ नका. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, जवळून पुढचा मोदक फुगतो आणि मागचे बारके होतात, शिवाय तुमच्याच फोनची सावली ताटावर पडते. दोन पावलं मागे जाऊन २एक्स झूम करा, आकार खरा येतो. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड टाळा, तो कोथिंबिरीच्या कडा आणि चमच्याचा दांडा खाऊन टाकतो.

एडिट करायचं तर स्नॅपसीड अ‍ॅपमध्ये आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतला पिवळा-निळा तोल, ताटातलं मीठ किंवा भात पांढरा दिसेपर्यंत. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या भडकपणाला, हात लावू नका, तर्री प्लास्टिकसारखी होते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना वरचं एचडी निवडा, नाहीतर इतकं करून फोटो दाबला जाऊन कळ्या परत गायब.

गोड_तिखट

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! आज दुपारी आभाळ भरलेलं होतं म्हणून लगेच पाच मोदक केले आणि हॉलच्या खिडकीशी हळदीच्या पानावर ठेवून काढले. दिवे बंद, डावीकडून उजेड, उजवीकडे मुलीच्या ड्रॉइंगच्या वहीचं कोरं पान उभं केलं आणि तो सूर्य थोडा वर सरकवला. कळ्या आल्या! शेंड्याजवळ सगळ्या एकत्र येतात तिथली बारीक चुणी पण दिसतेय. मोदक वाफेवरून काढल्याकाढल्या जी ओलसर चमक असते तीसुद्धा आली, पण थोड्या वेळाने गेली, तर ती टिकवायला तूप फिरवू का वरून?

आणि पान_वाढा मावशी, तुम्ही सांगितलं तसं पान वाढून थाळीपण काढली, पण माझं ताट स्टीलचं आहे, त्यात माझा गुलाबी गाऊन, फोन, छताचा पंखा सगळं दिसतंय. काय करू?

उत्तरेची_खिडकी

तूप फिरवा की, तुम्ही वाढताना सोडताच, त्यात खोटं काही नाही. फक्त थेंबभर घेऊन बोटाने लावा, ओतलं तर कळ्यांत साचतं आणि उकड पिवळी दिसते. त्याआधीचे फोटो वाफेवरून उतरवल्यावर लगेच काढा, उकडीचं वरचं पापुद्रं सुकलं की चमक तर जातेच, बारीक चिराही दिसायला लागतात. पाचांतले दोन आधी, तीन झाकून, असं करा.

स्टीलचं म्हणाल तर ते आरसाच आहे, त्याच्यासमोर जे येईल ते दिसणार. काळा किंवा राखाडी कुर्ता घालून काढा, तो ताटात नुसता गडद रंग म्हणून दिसतो, गुलाबी मात्र भातावरही उतरतो. ताटात रिकामी जागा कमी ठेवा, खाली केळीच्या पानाचा गोल कापून घातलात तर प्रश्नच मिटतो, फक्त कडा उरते. आणि मुलीच्या वहीचं दुसरं पान मधोमध भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढा, ताटाला वर फक्त पांढरं दिसेल, पंखा नाही.