शंभर पाकिस्तानी रुपयांना 144 भारतीय रुपये: हा दर मिळत कोणाला होता?

खतावणी
सकाळपासून एक पोस्ट फिरते आहे. "1950 साली 100 पाकिस्तानी रुपयांना 144 भारतीय रुपये मिळत, म्हणजे त्यांची अर्थव्यवस्था आपल्या दीडपट भक्कम होती." आकडा बरोबर, निष्कर्ष साफ चूक. 18 सप्टेंबर 1949 ला ब्रिटनने पौंड 4.03 डॉलरवरून 2.80 वर आणला. पाठोपाठ भारतानेही तेवढंच अवमूल्यन केलं, डॉलर 3.31 रुपयांचा 4.76 झाला. पाकिस्तान 3.31 वरच राहिला. 4.76 ला 3.31 ने भागा, शंभराला 144 येतात. भक्कमपणा यात कुठे मोजला? शिवाय फेब्रुवारी 1951 पर्यंत भारताने हा दर मान्यच केला नव्हता. ज्या दराने दोन देशांत व्यवहार होत नाही, त्याला भाव म्हणायचं कसं?

आकडेमोड
पोस्ट बाळबोध आहे हे कबूल. पण तुम्ही दुसऱ्या टोकाला गेलात. अवमूल्यन न करण्यामागे पक्का हिशेब होता. फाळणीत तागाच्या गिरण्या सगळ्या भारतात, बहुतेक हुगळीकाठी राहिल्या आणि तागाची बहुतेक उत्तम जमीन पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानात गेली. गिरणीला ताग हवाच, मग विकणाऱ्याने भाव का पाडावा? उलट भारताचा 100 रुपयांचा कोळसा त्यांना साडेएकोणसत्तर रुपयांत पडणार होता, आणि नव्या कारखान्यांची यंत्रं जुन्याच डॉलर दराने येणार होती. त्यांच्या जागी कोणीही हेच केलं असतं.

खतावणी
"पडणार होता" हेच तर म्हणतोय. पडला का? तिकडे ताग अडला, डिसेंबर 1949 मध्ये इकडून कोळसा थांबला. आता शेतकऱ्याकडून बघा. कलकत्त्याची गिरणी मणाला 35 भारतीय रुपये देते असं धरा. आधी पूर्व बंगालातल्या मैमनसिंगच्या शेतकऱ्याला 35 पाकिस्तानी रुपये सुटत. नव्या दराने 24 रुपये 5 आणे. गिरणी भाव वाढवायला तयार नाही, आणि आडत्या तोट्यात उचलणार नाही. माल पडून राहिला. सरकारला ज्यूट बोर्ड काढून किमान भाव बांधावा लागला, आणि तागाच्या खरेदीला पैसा हवा म्हणून नोव्हेंबर 1949 मध्ये नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान घाईने उभी करावी लागली. ही भक्कमपणाची लक्षणं नव्हेत.

महाडकर
मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही. आपले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेत होते म्हणून अवमूल्यन ठामपणे झालं. मराठी माणसाचं श्रेय द्यायला जड का जातं?

टाकसाळ
तारखा बघा हो. देशमुख 30 जून 1949 ला गव्हर्नरपदावरून उतरले. सप्टेंबरात गव्हर्नर बेनेगल रामाराव, अर्थमंत्री जॉन मथाई. देशमुख अर्थमंत्री झाले 1950 च्या जूनमध्ये. म्हणजे पाकिस्तानचा दर भारताने मान्य केला तो त्यांच्या कारकिर्दीत.
पाकिस्तानच्या पैशाशी देशमुखांचा आणि नाशिकचा एक वेगळा संबंध मात्र खरा आहे. 30 जून 1948 पर्यंत रिझर्व्ह बँकच पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. त्यांच्या पहिल्या नोटा नाशिकरोडच्या छापखान्यात निघाल्या. सहाव्या जॉर्जचं चित्र, रुपयाची नोट सोडली तर देशमुखांची सही, आणि वर इंग्रजीत व उर्दूत 'पाकिस्तान सरकार'.

महाडकर
मग माझं म्हणणं अगदीच फोल नव्हतं. सही त्यांचीच. अशी नोट विकत घ्यायची तर खरी कशी ओळखायची?

टाकसाळ
खऱ्या नोटेत ती अक्षरं प्लेटमध्येच घातलेली होती, म्हणजे बाकीच्या छपाईबरोबरच उमटलेली. बनावट करणारे साधी भारतीय नोट घेऊन वर शिक्का मारतात. दहापट भिंगाखाली तिरप्या उजेडात धरा. अक्षराची शाई घडीच्या भेगेत उतरलेली किंवा जुन्या मळावर बसलेली दिसली, तर शिक्का नंतरचा. शाईचा काळेपणा नोटेवरच्या इतर मजकुराशी जुळतो का तेही पाहा. आणि नोट धुऊन इस्त्री केलेली असेल तर घेऊच नका, मळ गेला की पारखायला काही उरत नाही.

आकडेमोड
नोटांचा वेगळा धागा काढा, इथे दराचं चाललंय. खतावणी, तुम्ही 1949 वरच का थांबता? जून 1950 मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं. ताग, कापूस दोन्ही कडाडले. अखेर फेब्रुवारी 1951 मध्ये दिल्लीने तोच दर स्वीकारला आणि करार केला. सतरा महिने ताणून कोण झुकलं?

खतावणी
झुकलो, मान्य. पण ते युद्ध कराचीच्या (तेव्हाच्या पाकिस्तानी राजधानीच्या) हिशेबात नव्हतं, त्याचं श्रेय दराला देऊ नका. तेजी ओसरली तशी 1952 मध्ये त्यांची परकीय चलनाची गंगाजळी आटली, आयातीवर परवाने आले, आणि 31 जुलै 1955 ला त्यांनीही 4.76 गाठला. रुपयाला रुपया.

आकडेमोड
सहा वर्षं स्वस्त यंत्रं आली, त्यातून कराचीत कापडगिरण्या उभ्या राहिल्या, हे खोडून दाखवा.

खतावणी
खोडत नाही. पण त्याची किंमत पूर्व बंगालच्या शेतकऱ्याने मोजली. ताग त्याचा, डॉलर कराचीचे. हे तुमच्या हिशेबात कुठल्या रकान्यात बसतं, ते आधी सांगा. आणि दर म्हणजे ताकद असेल, तर 6 जून 1966 ला भारत 7.50 वर गेल्यावर 100 पाकिस्तानी रुपयांचे कागदावर सुमारे 157.50 भारतीय रुपये झाले. तेव्हा 1965 च्या युद्धानंतर व्यापार बंद होता. मे 1972 मध्ये त्यांनी 4.76 वरून थेट 11 वर उडी मारली. सहा वर्षांत कोणाची ताकद इतकी बदलत नाही, कागदावरचा आकडा बदलतो.

आकडेमोड
1972 च्या आधी पूर्व बंगाल वेगळा होऊन अर्धा देश आणि सगळा ताग गेला होता. त्याला कागदावरचा बदल म्हणता? शेतकऱ्याचं म्हणणं मात्र घेतो, तो रकाना माझ्याकडे नव्हता.