क्रेडिट कार्डाची वार्षिक फी माफ करून घ्यायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

परवा कार्डाचं बिल आलं. त्यात वार्षिक फी ९९९ रुपये आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ११७८ रुपये ८२ पैसे लावलेत. आमच्याकडे रोज अर्धा लिटर दूध येतं, त्याचं महिन्याचं बिलही एवढं होत नाही. त्यामुळे 'जाऊ दे' म्हणून सोडून द्यायला मन तयार नाही.

कार्ड २०१७ पासूनचं आहे. वर्षात एक लाखाची खरेदी झाली की फी माफ, अशी अट आहे आणि आजवर ती दरवर्षी पूर्ण झाली. वीजबिल, किराणा, मुलीच्या क्लासची फी, विम्याचा हप्ता, सगळं याच कार्डावर. मी वहीत टिपून ठेवते. यंदाची माझी बेरीज १,०६,४०० आली, म्हणून निर्धास्त होते. कस्टमर केअरला फोन केला तर कळलं की बँकेच्या हिशेबात ९५,१००च आहेत. पेट्रोलचे ११,३०० त्यांनी धरलेच नाहीत. यंदा माझी बदली जयसिंगपूरला झाली, सांगलीहून रोज स्कूटरने जाते, त्यामुळे पेट्रोलचा खर्च पहिल्यांदाच एवढा झाला. आधी हा प्रश्नच आला नव्हता.

फोनवरचा मुलगा चांगला बोलला, पण फी माफ करणं त्याच्या हातात नव्हतं. पाचशे रुपयांचं व्हाउचर देतो म्हणाला. ते कपड्यांच्या एका दुकानाचं, तिथे जाऊन वर दोन हजार खर्च करायचे. मी नको म्हटलं.

आता मला हे विचारायचंय. बिलाची शेवटची तारीख १८ आहे. फीवरून बोलणं चालू असताना तेवढे पैसे सोडून बाकीचं बिल भरलं तर चालतं का? आणि मैत्रीण म्हणते, 'कार्ड बंद करते म्हण, लगेच माफ करतील.' पण त्यांनी खरंच बंद केलं तर? दिवाळीनंतर आम्ही घरासाठी कर्ज काढणार आहोत आणि हे माझं सगळ्यात जुनं कार्ड आहे. दुसरं एक आहे, पण त्याची मर्यादा ४० हजारच. याची ८० हजार आहे. पहिल्या दिवसापासून एकही बिल उशिरा भरलेलं नाही, त्याला काहीच किंमत नसेल का?

प्रतिसाद

आधी १८ तारखेच्या आत पूर्ण बिल भरा, फीसकट. माफी मिळाली तर ती रक्कम पुढच्या बिलात जमा दिसते, त्यामुळे भरल्याने तुमची बाजू कमकुवत होत नाही. न भरलेल्या रकमेवर मात्र व्याज लागतं, लेट फीही लागू शकते, आणि थकबाकी तीन दिवसांच्या पुढे गेली की बँक ती सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, कळवू शकते. कर्ज काढायच्या तोंडावर हजार रुपयांसाठी हा डाग लावून घेऊ नका.

फोनपेक्षा ईमेल करा. किती वर्षांचं कार्ड, किती वेळेवर भरणा, यंदा नेमके किती कमी पडले (४,९००) आणि का, एवढं चार ओळींत लिहा. तक्रार क्रमांक मागून घ्या. माफी जीएसटीसकट आहे का, हेही स्पष्ट विचारा. आणखी एक गोष्ट तपासा: वर्ष एप्रिल ते मार्च धरलंय की कार्ड मिळालेल्या महिन्यापासून? बहुतेक कार्डांना दुसरा हिशेब असतो.

पेट्रोल वगळल्याचं अटींच्या पत्रकात लिहिलेलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी तिथे ऐकतात) जाण्यासारखं हे प्रकरण नाही. तेव्हा हक्काची भाषा नको, विनंतीच करा. जुन्या ग्राहकाची विनंती बऱ्याचदा ऐकतात.

'बंद करते' हे मात्र खरंच बंद करायचं असेल तरच म्हणा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार देणं शून्य असेल तर बँकेला सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यावा लागतो. म्हणजे तुमचं 'बंद करते' हे अर्ज म्हणून गेलं तर ते चालढकल करणार नाहीत. तुमचा महिन्याचा खर्च समजा १२ हजार. आज एकूण मर्यादा १,२०,०००, म्हणजे वापर १० टक्के. मोठं कार्ड गेलं की तोच खर्च ४० हजारांवर ३० टक्के दिसेल, आणि कर्ज देताना बँक हे प्रमाण बघते. कर्ज मंजूर होईपर्यंत त्याला हात लावू नका. फारच झालं तर त्याच बँकेचं बिनफीचं कार्ड बदलून मागा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. माझ्या सासऱ्यांना न विचारता महागडं कार्ड पाठवलं होतं आणि फीही लावली. तिथे मात्र आम्ही ठाम राहिलो, कारण संमतीशिवाय वरच्या दर्जाचं कार्ड दिलं तर लावलेली रक्कम परत करून वर तिच्या दुप्पट दंड द्यायचा नियम आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत निकाल लागला नसता तर लोकपालाकडे जाणार होतो, पण बाविसाव्या दिवशी पैसे आले. ताई, तुमची गोष्ट वेगळी आहे, तुम्ही विनंतीनेच जा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बिल त्याच रात्री पूर्ण भरलं. ईमेल केला, पहिलं उत्तर छापील आलं: 'अटीनुसार शक्य नाही.' मी पुन्हा लिहिलं, ४,९०० चा आकडा आणि बदलीचं कारण देऊन. काल फोन आला. पुढच्या ६० दिवसांत दहा हजारांची खरेदी केली तर फी जीएसटीसकट परत करतील. पेट्रोल यातही धरणार नाहीत, तसं ईमेलवर लिहून घेतलंय. विम्याचा ६,८०० चा हप्ता पुढच्या आठवड्यात आहेच, तो चालेल का तेही विचारलं, हो म्हणाले. उरलेले किराण्यात होतील. फी जमा झाली की इथेच कळवते.