रातकिड्याची नवी जात : वर्णनात काय असावे?

प्रश्न : नागपुरात अंबाझरी तलावालगतच्या झुडपांत आढळलेल्या एका रातकिड्याचा आवाज ओळखीच्या जातींहून निराळा वाटतो. ही जात नवी असल्यास तिचे वर्णन कसे करावे?

उत्तर १ : नर पुढच्या एका पंखावरील दातेरी शीर दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासून आवाज काढतो, त्या दात्यांची संख्या व मांडणी जातीनुसार बदलत असल्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजावी. ध्वनिमुद्रणासोबत तापमानही अवश्य नोंदवावे, कारण उष्णता वाढली की आवाजाची लय जलद होते आणि नागपूरच्या मे व डिसेंबरमधील मुद्रणांची तुलना त्या नोंदीशिवाय फसवी ठरते.

उत्तर २ : केवळ आवाजावर थांबू नये, हे आग्रहाने सांगतो. नराच्या जननेंद्रियांची रचना बहुधा अधिक निर्णायक ठरते. शिवाय प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या जातीसाठी आधारभूत नमुना स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाईल, हेही नमूद करावे लागते.

प्रश्नकर्ता : माझ्याकडे सध्या फक्त मादी आहे.

उत्तर २ : मग घाई करू नका. मादी गात नाही. नर मिळेपर्यंत थांबावे, आणि वनक्षेत्रातून नमुना घ्यायचा असल्यास आधी वनविभागाची परवानगी मिळवावी.