सिगारेट सोडण्यासाठी सुया, संमोहन आणि तुळशीची सिगारेट

इथे एका ताईंनी लिहिलंय की कानात सुया टोचून घेतल्यावर त्यांच्या भावाची सिगारेट सुटली. सुटली हे फार चांगलं झालं. पण अ‍ॅक्युपंक्चरवरचे, म्हणजे सुया टोचण्याच्या उपचारावरचे, प्रयोग एकत्र तपासून कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2014 मध्ये आढावा घेतला, त्यात दीर्घकाळ टिकणारा फायदा खात्रीने दिसला नाही. संमोहनाच्या 2019 च्या आढाव्यातही पुरेसा पुरावा मिळाला नाही.

वनस्पतीजन्य सगळंच निरुपयोगी, असं मात्र नाही. लॅबर्नम या झाडाच्या बियांतलं सायटिसिन हे द्रव्य सिगारेट सोडवण्याचं औषध म्हणून पूर्व युरोपात 1960 च्या दशकापासून वापरात आहे. न्यूझीलंडच्या चाचणीत महिन्याअखेर सायटिसिन घेणारे 40 टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, निकोटीनचे पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) किंवा गम वापरणारे 31 टक्के. (बिया विषारी असतात, घरगुती प्रयोग नकोतच.)

तुळशीच्या सिगारेटबद्दल कळकळीने सांगते, ती घेऊ नका. पान कुठलंही जाळा, टार आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जातातच.

निकोटीन गमने काही झालं नाही म्हणणारे बहुतेकजण तो च्युइंगगमसारखा चघळतात. मग निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं. हळू चावा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवा, चुरचुर ओसरली की पुन्हा चावा. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको.

शिवाय सिगारेटच्या पाकिटावरच्या 1800-11-2356 वर फोन करा, समुपदेशन फुकट मिळतं. सुया हव्या तर गम आणि समुपदेशनाच्या जोडीला घ्या, त्यांच्याऐवजी नको.